थापटून पाहिलेले शब्द

तेरच्या गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या, घरी संतमेळा जमला होता, ती गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. मुक्ताबाईने कोपऱ्यातले लाकडी थापटणे पाहिले आणि विचारले, काका, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के ते याने कळते, काका म्हणाले. मग आमचीही मडकी पाहा की, असे ती म्हणाली, आणि काकांनी बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक थाप दिली. बाकीचे निमूट राहिले, नामदेव मात्र कुरकुरले. हे मडके कच्चे, असा निकाल लागला आणि नामदेवांना विसोबा खेचरांसाठी औंढ्या नागनाथाची वाट धरावी लागली.

माझ्या धाराशिव जिल्ह्याने मराठी रसिकाला दिलेले हे थापटणे सर्वांत मोलाचे हत्यार आहे, असे मी मानतो. शब्द हाती घ्यावा, त्यावर बोटाने थाप द्यावी आणि कान लावावा. भाजलेले मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. गेली काही वर्षे मी असे काही शब्द थापटून पाहतो आहे, आणि ते आहेत मराठी कॅथलिक माणसाच्या देवघरातले.

निमित्त घडले ते 10, 11 आणि 12 जानेवारी 2020 या तीन दिवसांत. आमचे धाराशिव शहर तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होते. 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ. निवड झाली तेव्हा विरोधाचे सूर निघाले होते, तरी गाव ठाम राहिले. उद्घाटन ना. धों. महानोरांनी केले. फादर पाठीच्या दुखण्याने बेजार होते, तरीही आले आणि बोलले. 1983 ते 2007 या काळात ‘सुवार्ता’ मासिक चालवणाऱ्या, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणाऱ्या या माणसाच्या मराठीत कुठेही उसनेपणा नव्हता. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला: ही मराठी कोणत्या आव्यात भाजली गेली असेल?

तो आवा म्हणजे ‘धर्मग्राम’. इंग्रजीतल्या ‘पॅरिश’ला वसईचे कॅथलिक हा शब्द वापरतात. गोव्यात त्यालाच ‘फिरगज’ म्हणतात, तो थेट पोर्तुगीजांकडून आलेला. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल 1534पासून 1739पर्यंत होता, म्हणजे तिथेही असाच एखादा शब्द कायमचा बसू शकला असता. बसला तो ‘ग्राम’. या शब्दावर थाप द्या. एका चर्चच्या घंटेच्या टप्प्यात राहणारी माणसे हे एक गाव आहे, असे तो सांगतो. गाव म्हटले की बारसे आले, लग्न आले, भांडण आले, मयत आले आणि खांदा द्यायला येणारे चार जण आले. श्रद्धा ही एकेकट्या माणसाची खासगी मिळकत उरत नाही, तिला वेस आणि पार मिळतो.

आमच्या भागात कॅथलिक घरे थोडी. धाराशिव जिल्हा येतो तो 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात, आणि या धर्मप्रांताचा पसारा मराठवाडाभर. घंटेचा टप्पा इथे पुरत नाही. दहा कोसांवरच्या कुटुंबाला एस.टी.ने किंवा मोटारसायकलीवर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यावे लागते. त्यामुळेच रविवारी जमलेल्या माणसांना एकमेकांचे अप्रूप फार. ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात जोडले जातात तेव्हा त्यात आठवड्याभराची खुशाली विचारलेली असते. विखुरलेल्या माणसांचेही गाव होते, हा अर्थ ‘धर्मग्राम’ या शब्दाला मराठवाड्याने दिला, असे मला वाटते.

आता ‘मिस्सा’. हा शब्द कुणी मराठीत उतरवला नाही. लॅटिन विधी संपताना निरोपाचे जे शब्द म्हटले जात, त्यांतून ‘मिस्सा’ हे नाव सगळ्या विधीला पडले. मूळ अर्थ पाठवणी. उपासनेचे नाव तिच्या शेवटच्या क्षणावरून पडावे, हे किती सुंदर आहे! जमण्याची सार्थकता परत जाण्यात आहे, इथून उठून शेतात, शाळेत, दवाखान्यात जायचे आहे, हे त्या नावातच आले. सासरी निघालेल्या लेकीच्या पाठवणीला जो भरलेपणा असतो, तो मला या शब्दात ऐकू येतो. फक्त त्यावर कान ठेवायला हवा.

शतकानुशतके हा विधी लॅटिनमध्ये चाले. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि वेदीवर लोकभाषेला वाट मोकळी झाली. पण मराठी त्या दारात पहिल्यांदा आली, ती तेव्हा नव्हे. 1579 साली गोव्याला पोचलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि 1616 साली ते रायतूरला छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या आधीच्या पुराणांची गोडी आठवत होती. त्यांच्यासाठी त्याने ख्रिस्ताची कथा ओवीत घातली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. ते चर्चमध्ये गायले जाई. पुढच्या साडेतीनशे वर्षांत वेदीवर लॅटिन राहिली आणि वेदीसमोर बसलेल्यांच्या ओठांवर ओवी राहिली. 1963नंतर झाले ते इतकेच, की वेदीने आपली भाषा बसलेल्यांना विचारली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नव्या मराठी उपासनेत काही शब्द जड आहेत. विद्वानांनी संस्कृतातून घडवलेले, व्याकरणाने निर्दोष, पण म्हाताऱ्या माणसाच्या जिभेवर न बसणारे. छापील पुस्तकात ‘स्नानसंस्कार’ असतो आणि घरात आजी ‘बाप्तिस्मा’च म्हणते. तरीही ‘स्नानसंस्कार’ टाकून देण्याआधी नीट थापटून पाहायला हवा, कारण माझ्या मते सगळ्या मराठी ख्रिस्ती शब्दसंपत्तीत याच्याइतका पक्का शब्द दुसरा नाही.

त्यातला ‘संस्कार’ आधी घेऊ. कॅथलिक परंपरेत सात ‘सॅक्रामेंट’ आहेत: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, आजाऱ्याला तेल लावणे, गुरुदीक्षा आणि विवाह. ‘साक्रामेंतुम’ हा लॅटिन शब्द रोमन शिपायाच्या शपथेसाठी वापरला जाई. त्यात निष्ठा आहे, पण छावणीचा वासही आहे. मराठीने त्याजागी ठेवला तो ‘संस्कार’. हा शब्द स्वयंपाकघरातला, मुशीतला, वैद्याच्या खलबत्त्यातला. द्रव्यात आधी नसलेला गुण आणून ठेवणे म्हणजे संस्कार, असा अर्थ चरकाने सांगितला आहे. हळद तीच, पण तुपात परतली की वेगळी. माती तीच, पण आव्यातून निघाली की पाणी धरते.

आता सात संस्कारांकडे पाहा. प्रत्येकात एक साधे द्रव्य किंवा साधी हालचाल आहे. पाणी, तेल, रोटी, द्राक्षरस, डोक्यावर ठेवलेला हात, तोंडाने दिलेला शब्द. न दिसणारी कृपा दिसणाऱ्या वस्तूतून यावी, हा कॅथलिक श्रद्धेचा गाभा आहे. देव इथे कल्पनेत येत नाही, तो ओला लागतो, तेलाचा वास घेऊन येतो, जिभेवर विरघळतो. वस्तूला गुण देणारा ‘संस्कार’ हा शब्द त्या गाभ्याच्या मापाचा निघाला. लॅटिनमधली शपथ माणूस देवाला देतो, मराठीतला संस्कार माणसावर होतो. कर्तेपण माणसाकडून देवाकडे सरकते. एका शब्दाच्या निवडीने केवढे तत्त्वज्ञान साधले!

‘स्नान’ मला कळले ते एका उन्हाळ्यात. मराठवाड्यातल्या एका लहानशा चर्चमध्ये मित्राच्या नातीचा बाप्तिस्मा होता. चपला दाराबाहेर, आत सतरंज्या, बाया डोईवर पदर घेऊन एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पेटी आणि टाळ. गावात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. धर्मगुरूंनी आईबापाला बाळाचे नाव विचारले. धर्ममातेने बाळ आडवे धरले. स्टीलच्या घंगाळात तांब्याभर पाणी होते. फादरांनी ओंजळीतून तीन वेळा थोडे थोडे पाणी बाळाच्या कपाळावर सोडले. बाळ दचकले, श्वास ओढला आणि रडले. आजीने पदराने कान पुसला. मग टाळूवर सुगंधी तेल, अंगावर पांढरे वस्त्र आणि पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती बापाच्या हाती.

सगळे मिळून पेलाभर पाणी सांडले नसेल. पण त्याला नाव ‘स्नान’. न्हाऊमाखू घातलेले बाळ, दिवाळीचे अभ्यंग, चंद्रभागेची बुडी, मयतानंतरची आंघोळ, हे सगळे त्या पेलाभर पाण्यात आले. मराठवाड्यात पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. जिथे पाणी मोजून मिळते, तिथे त्याच पाण्याच्या तीन ओंजळी जन्मभराला पुरतात, ही गोष्ट त्या सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला समजत होती. आणि हा विधी आयुष्यात एकदाच होतो. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा या तिन्ही संस्कारांनी आत्म्यावर उमटलेली खूण पुसत नाही, असे चर्चची शिकवण सांगते. माणूस दूर गेला, रुसला, परत आला, तरी पाणी पुन्हा ओतत नाहीत. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

विधी झाला आणि मागच्या पडवीत पंगत बसली. शेंगदाण्याचे कालवण, भात आणि ज्वारीच्या भाकरी. मित्राची थोरली बहीण चुलीपुढे बसून पाण्याच्या हाताने भाकर थापत होती. त्या थापण्याच्या आवाजाने माझे लक्ष ‘भाकर’ या शब्दाकडे गेले.

वेदीवर असते ती रोटी पातळ, पांढरी, बिनखमिराची. ती गहू आणि पाणी यांचीच असावी, असा लॅटिन परंपरेचा नियम आहे. ज्वारीला तिथे जागा नाही. पण मराठी बायबलमध्ये येशू स्वतःला जे अन्न म्हणवतो, ते ‘भाकर’ आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मागणे आहे, तेही भाकरीचे. भाषांतरकाराला ‘रोटी’ म्हणता आले असते, ‘पोळी’ म्हणता आले असते, ‘अन्न’ म्हणून मोकळे होता आले असते. यातल्या प्रत्येकाने काहीतरी निसटले असते. पोळी सणाची आहे, रोटी परमुलखाची वाटते, अन्न हा शब्द पोथीतला. भाकर रोजची आहे. ती कष्टकऱ्याच्या फडक्यात बांधलेली असते, ती चतकोर तुकडा करून वाटता येते. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री नेमके हेच केले: घेतली, आभार मानले, मोडली, दिली. मोडणे ही क्रिया भाकरीला जशी शोभते तशी कशालाच नाही. बेथलेहेम या हिब्रू गावनावाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे, हे कळले तेव्हा तर मला आमच्या मालदांडी ज्वारीच्या रानात उभे असलेले घरच डोळ्यांपुढे आले. नियमाने ज्वारी वेदीवर जात नाही. पण भाषेने तिला तिथे नेऊन बसवले.

वेदीवरच्या त्याच रोटीला दुसरे नाव आहे ‘ख्रिस्तप्रसाद’. प्रसाद म्हणजे प्रसन्नता. देव प्रसन्न झाला त्याची हातात आलेली खूण. प्रसाद विकत मिळत नाही, मागून घ्यावा लागतो, आणि घेताना तळहात उघडा धरावा लागतो. रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे उघडे तळहात मी त्या दिवशी पाहिले. उसाच्या पाल्याने चिरलेले, गवंडीकामाच्या चुन्याने पांढरे पडलेले, मेंदीचे, लहान मुलांचे. भाकर म्हणजे भूक आणि प्रसाद म्हणजे कृपा. एकाच घासाला ही दोन नावे देऊन मराठीने देहाची आणि आत्म्याची पंगत एकत्र बसवली.

‘माउली’ या शब्दाशिवाय आमच्याकडचे कॅथलिक जीवन पुरे होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ हरेगावला 1949पासून दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. 8 सप्टेंबर हा माउलीचा, म्हणजे येशूची आई मारियेचा, जन्मदिन. त्याआधी नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, असते. मराठवाड्यातून माणसे जीप, ट्रक, एस.टी. करून जातात, काही पायी दिंडीने निघतात. नवस फेडतात, मेणबत्त्या लावतात, मुलांना माउलीच्या पायांवर घालतात.

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरची मारिया म्हणजे ‘मोत माउली’. तिथला ‘मोत’ आला पोर्तुगीज ‘मोंत’वरून, म्हणजे डोंगर. हरेगावच्या ‘मतमाउली’त माझ्या कानाला तोच डोंगर ऐकू येतो, घाट चढून देशावर येताना थोडा झिजलेला. हरेगावला डोंगर नाही, ऊस आणि काळी जमीन आहे. शब्दाचा पहिला अर्धा भाग समुद्रापलीकडून आला आणि त्याचा अर्थ वाटेत विरून गेला. दुसरा अर्धा भाग इथलाच. तो ज्ञानोबांना लागतो, विठाईला लागतो, वारीत चालणाऱ्या अनोळखी माणसालाही लागतो. परकेपण झिजले आणि आई तेवढी शिल्लक राहिली, अशी ही शब्दाची यात्रा आहे.

तुळजापूरच्या आईचे नवरात्र पाहत वाढलेल्या मला नोव्हेनाच्या नऊ दिवसांचे नवल वाटत नाही. पण दोन्हींचा अर्थ एक करून टाकणे मला पटत नाही. कॅथलिक श्रद्धेत मारिया देवी नाही. ती देवाकडे लेकरांसाठी शब्द टाकणारी आई आहे, आणि तिचे बोट नेहमी पुत्राकडे असते. हा फरक यात्रेकरू बाईला पक्का ठाऊक असतो. तिला विचारले तर ती सांगते, माउलीला सांगितले की ती त्याच्या कानावर घालते. बापाशी थेट बोलायला धजत नसलेल्या प्रत्येक मराठी पोराला हे वाक्य समजते. ‘देवी’ हा शब्द टाळून ‘माउली’ निवडणाऱ्याने श्रद्धेची रेघ किती नाजूक हाताने ओढली आहे!

आता शेवटचा शब्द, आणि मी ज्याला बराच काळ कच्चा समजत होतो तो: ‘दृढीकरण’. सरकारी परिपत्रकात शोभावा असा. मूल जाणते झाले की बिशप येतात, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि कपाळावर क्रिस्माचे तेल लावतात. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी द्रव्य मिसळून बिशपांनीच पवित्र आठवड्यात ते आशीर्वादित केलेले असते. लहानपणी आईबापांनी बाळाच्या वतीने जो होकार दिला, तो आता पोर स्वतःच्या तोंडाने देते.

पुढे मला जुन्या विधीतली एक बारीक गोष्ट समजली आणि मी तो शब्द पुन्हा हाती घेतला. 1971च्या सुधारणेपूर्वी बिशप तेल लावून झाल्यावर त्या मुलाच्या गालावर हलकीशी चापट देत. ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव, असा तिचा अर्थ. वाचताना मी थबकलो. तेरच्या घरात, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून, काकांनी दिलेली थाप आणि रोमच्या विधीतली ही चापट! एकाने दुसऱ्याकडून काही घेतलेले नाही. पण जिथे जिथे माणूस श्रद्धेला गंभीरपणे घेतो, तिथे त्याला हे कळते की नुसते मानून भागत नाही, आघात सोसून वाजावे लागते. ‘दृढ’ म्हणजे पक्के. पक्के मडके म्हणतो त्यातलेच. परिपत्रकातला वाटलेला शब्द कुंभाराच्या घरचा निघाला.

बायबलमध्येही कुंभार आहे. यिर्मया संदेष्टा देवाच्या सांगण्यावरून कुंभाराच्या घरी जातो आणि चाकावर बिघडलेला गोळा कुंभार पुन्हा मळून दुसरे भांडे घडवतो, ते पाहतो. ओला गोळा पुन्हा मळता येतो, ही आशा. पण भाजलेल्या मडक्याची गोष्ट वेगळी, आणि ती मला यिर्मयाने नव्हे, तेरने शिकवली.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वर्णनात त्याचे नाव येते. इथले कापड गाड्यांवरून भडोच बंदराला जाई आणि तिथून रोमन जगाकडे. ज्या शतकात यरुशलेमच्या माडीवर भाकर मोडली गेली, त्याच शतकात आमच्या तेरणेकाठी आवे धगधगत होते. तिथल्या मातीच्या वस्तू आज गावच्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत, आणि पावसाळा सरला की पांढरीच्या टेकाडांवर अजूनही खापऱ्या उघड्या पडतात.

संमेलन संपल्यावर काही दिवसांनी मी तेरला गेलो होतो. काकांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि टेकाडाकडे वळलो. पायाशी तांबूस खापरी दिसली, दोन बोटे रुंद. हातात घेतली. शतकानुशतके पावसाने भिजवली, नांगराने उलथली, ढोरांनी तुडवली, तरी तिचा पुन्हा चिखल झाला नव्हता. भांडे फुटते, पण भाजलेली माती परत कच्ची होत नाही. पुसली न जाणारी खूण म्हणजे काय, बाप्तिस्म्याचे पाणी दुसऱ्यांदा का ओतत नाहीत, ते मला तिथे उभ्या उभ्या कळले.

फादर दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले. त्यांची मराठी ज्या आव्यात भाजली, त्या धर्मग्रामांत या रविवारीही घंटा होईल, कुणाच्या तरी कपाळावर तीन ओंजळी पाणी पडेल, भाकर मोडली जाईल आणि पाठवणी होईल.

मी त्या खापरीवर नखाने टिचकी मारली. ती खणकन वाजली. मग होती तिथेच ठेवून दिली.